ओणवा

खडू फळ्यावर ‘ओण’पाशी मोडला आणि उर्वशीच्या पाठीतून काहीतरी थंड सरकत मानेपर्यंत आलं... शब्द अजून अर्धाच होता. भंतेजींनी उरलेल्या तुकड्यानं तो पुरा केला — ओणमति.

“ओणमति, म्हणजे झुकते, वाकते,” भंतेजी म्हणाले. “आपला ओणवा यातलाच. आपून वंदनेत झुकतो ना, तेच झुकणं.”

मूल शहरातल्या बुद्धविहारातला रविवारचा पाली वर्ग हसला. “मास्तरानं आमाले लय झुकवलं, भंतेजी,” दसरूभाऊ म्हणाले, “पुण्य काई भेटलं नाई!”

उर्वशी हसली नाही. तिसरीत धडा वाचताना ‘मला’ऐवजी तिच्या तोंडून ‘मले’ निघालं, आणि गुरुजींनी तिला शाळेच्या ओसरीत ओणवं उभं केलं होतं — अंगठे धरून, पाठीवर दगड ठेवून. दोन पायांच्या फटीतून सगळं उलटं दिसत होतं, आभाळ खाली, रस्ता वर, आणि त्या उलट्या रस्त्यावर, डोक्यावर भाताच्या रोपांचा भारा घेतलेली तिची माय, गिरजाबाई... माय थांबली. तिनं पाहिलं. आणि निघून गेली.

तेव्हापासून उर्वशी कुणापुढे वाकली नाही. स्वतः शिक्षिका झाली, पण एकाही मुलाला ओणवं केलं नाही. वंदनेला सगळे माथा टेकवत, तेव्हा ही ताठ बसून नुसते हात जोडायची. मायशी बोलणं चालायचं — दुखणीखुपणी, भाजीपाला — पण आत एक जागा कोरडी राहायची. माय तेव्हा धावून का आली नाही, हे तिनं कधी विचारलं नाही. उत्तर आलं असतं तर ते घेऊन ती कुठे गेली असती...

आणि हा शब्द वंदनेतला?

वर्ग सुटल्यावर ती घरी गेली नाही. स्कूटी थेट गावाकडे वळवली. भाताच्या बांधीत रोवणा, रोपांची लावणी, चालू होता. गुडघाभर चिखलात बायांची रांग वाकलेली, आणि त्या रांगेत माय — या वयातही हात न थांबवता रोपं खोचणारी. उर्वशी शेताच्या कडेला, चिखलापेक्षा उंच कोरड्या धुऱ्यावर उभी राहिली.

“माय, मी तिसरीत असताना शाळेच्या ओसरीत तू मले पायलं होतं?”

“पायलं ना. ओणवी होतीस.”

“मंग आली काऊन नाई?”

मायनं वाकल्या वाकल्या मान फक्त वळवली. चेहऱ्यावर अपराध नव्हता, नुसतं नवल होतं. “काऊन येऊ? म्या म्हटलं, मास्तर काई काम शिकवून राह्यले असन. आमी तं दिवसभर तशाच असतो.” मग पुढचं रोप खोचत, “काऊन वं, काय होतं ते?”

शिक्षा — हा शब्द ओठांपर्यंत आला. आणि तिथेच थांबला. शाळेचा उंबरा न ओलांडलेल्या या बाईला, वाकण्यात लाज असते हेच कुणी सांगितलं नव्हतं... उर्वशीनं रांगेकडे पाहिलं, त्या सगळ्या पाठींकडे. ओणवा — केवढा जुना शब्द, कुठून चालत आलेला, किती माणसं त्यात वाकून गेलेली, आणि गुरुजींनी त्याचं एवढंसं टोक धरून लेकरांना मारलं होतं. राग गेला नव्हता. तो होता तिथेच होता, पण एवढ्या मोठ्या कशाच्या तरी समोर, की त्याची उंची आता तिला मोजता येईना. मायला खरं सांगायचं, की तिच्याकडून हे अजाणतेपण काढून घ्यायचं नाही — तेही कळेना.

“बोल ना,” माय म्हणाली.

उर्वशीनं चिखलात उतरायला चपला काढल्या. काय बोलायचं ते अजून ठरलं नव्हतं. फक्त इथे उभं राहून, वरून, ते बोलता येणार नाही, एवढंच तिला उमगलं होतं.