दोन बाह्यांचा कागद

पाठ

कृष्णवेणीच्या सासऱ्यांच्या दुकानात एक रीत होती. गिऱ्हाईक वारलं की त्याच्या मापाच्या कागदाचा कोपरा कापायचा.

सासरे, निवृत्तीमामा, बायकांचे ब्लाउज शिवत. अग्रहाराच्या वस्तीत, देवळामागच्या बोळात, एका मशीनपुरती जागा. नेहमीच्या प्रत्येक बाईचं माप खाकी कागदावर कापून ठेवलेलं: पाठ, पुढचा भाग, गळा, बाही. सगळे तुकडे एका दोऱ्यात ओवून खिळ्याला टांगलेले. बाई गेल्याची बातमी आली की मामा तिचा जुडगा उतरवत, एकेका तुकड्याचा कोपरा उडवत आणि जुडगा खालच्या फळीवर टाकत. त्यानंतर तो कागद कुणाचाच नाही. हवा त्याने न्यावा, पुडी बांधावी, डुगडुगत्या टेबलाखाली सरकवावा.

मामांनी दुकान बंद केलं तेव्हा मशीन ओसरीवर आलं आणि कागदांचा गठ्ठा कपाटावर गेला. शिंप्याच्या घरात आयुष्य काढलेल्या सुनेला कोपऱ्याचा अर्थ कुणी शिकवावा लागत नाही.

कोपरा कापलेला होता, म्हणून पुढे जे झालं ते अजाणता झालं, असं कृष्णवेणीला म्हणता आलं असतं. तिने म्हणून पाहिलंही. भाजी निवडताना, नळाखाली भांडी धरताना, मनातल्या मनात. वाक्य काही केल्या उभं राहीना.


पुढचा भाग

आधी नुसता आनंद होता. तेही सांगायला हवं, नाहीतर बाकीचं कळणार नाही.

मुलगी जया हेब्बाळच्या कंपनीत लागली. कृष्णवेणीचा नवरा वेंकटरमण तिकडच्याच कारखान्यात. सकाळी दोघांना दोन बसेस घेऊन जात आणि घरात मामा, मामांचा रेडिओ आणि दुपार एवढंच उरे. अशाच एका दुपारी जयाच्या शाळेतली रंगपेटी सापडली. वड्या वाळून भेगाळलेल्या. कृष्णवेणीने ओलं बोट टेकवलं आणि निळा जागा झाला.

पहिल्यांदा कॅलेंडरच्या पाठीवर तिने मोगरा काढला. मोगऱ्यासारखा नव्हता, पण पाहून हसू आलं. मग शेवग्याची पानं, मग ओट्यावरचा तांब्या. चित्रं घरभर उडायला लागली तेव्हा तिने ती घडी घालून मधोमध शिवली. शिवण तर हातातलीच. ब्लाउजच्या रेशमी चिंध्या पुठ्ठ्यावर चिकटवल्या आणि वही झाली. त्या दिवशी मामांचा चहा उतू गेला, आणि तिला त्याचंही काही वाटलं नाही.

पुढे पुढे तिला पांढरा कागद मिळमिळीत वाटायला लागला. खाकीवर पांढरा रंग ठेवला की मोगरा खरा उमलतो, हे तिला एका पुडीच्या कागदाने शिकवलं. पण पुड्यांना घड्या असतात, तेलाचे डाग असतात. तिची नजर कपाटावर गेली.


वही अशी करावी

खाकी कागद घ्यावा. जुना असला तर उत्तम. जुना कागद रंग पितो, पण फुटू देत नाही. गठ्ठा उतरवावा, कोपरे पाहावेत. कापलेले तेवढे बाजूला काढावेत आणि बाकीचे परत ठेवावेत, कारण आपण काही चोर नाही.

मग एक जुडगा हाती येईल. मामा सगळ्यांची नावं पेन्सिलीने लिहीत; ह्याच्यावर नाव नसेल. खांदे लहान मुलीएवढे. कोपरे कापलेले. दोरा मात्र नवा. आणि बाह्या दोन.

इथे थांबावं.

बाहीचा कागद एकच असतो. उलटा ठेवला की दुसरी बाही. दोन कागद लागतात ते ज्या बाईचे दोन हात सारखे नाहीत तिला. कृष्णवेणीच्या वारलेल्या सासूबाई, अंबूताई, ज्यांना ती अत्ते म्हणे, लहानपणी चिंचेवरून पडल्या होत्या. डावा हात वाकडा जुळला आणि जन्मभर बारीक राहिला.

थांबू नये. बाहीच्या गोलाईवरून बोट फिरवावं. पानाची कड अशी असली तर उलटताना कशी दिसेल, ते मनात पाहावं. वाकड्या हाताची बाई अग्रहारात दुसरीही असेल, असं म्हणावं. मामा ओसरीवरच आहेत, विचारता येईल, हे आठवावं, आणि विचारू नये. पाठीची दोन पानं होतात. पुढच्या भागाची दोन. उजव्या बाहीचं एक छोटं. डाव्या बाहीचं पान होत नाही. तिच्या पट्ट्या कापून घडीच्या आत घालाव्यात, म्हणजे दोरा कागद फाडत नाही. दोऱ्याला मेण लावावं. टाके घट्ट घालावेत, पण कागद चिमटू नये.

ती वही आजवरच्या वह्यांत सगळ्यात देखणी झाली. जयाच्या वाढदिवसाला कृष्णवेणीने ती तिला दिली. जया म्हणाली, "अम्मा, सूपर. ऑफिसमध्ये सगळे विचारतील." आणि रोज रात्री त्यात काहीबाही लिहू लागली.


गळा

पितृपक्षातली नवमी जवळ आली. नवरा मागे ठेवून गेलेल्या बायकांचा दिवस. त्यांच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची, ओटी भरायची, खण द्यायचा. ह्या घरात खण देत नसत, शिवलेला ब्लाउज देत. "शिंप्याची बायको ती," मामा म्हणायचे, "तिच्या नावाने न शिवलेलं कापड दिलं तर वर गेलो की ऐकवेल मला." ब्लाउज अंबूताईंच्याच मापाचा असे. वर्षभर मशीनवर चादर असायची, ती ह्या एकाच कामासाठी निघायची. कृष्णवेणी समजून होती की माप मामांच्या हातातच आहे, त्यांना कागद लागत नाही.

"वेणी," मामांनी हाक मारली, "गठ्ठ्यातून अंबूचा कागद दे गं. नवा दोरा आहे बघ त्याला. मला दिसतंय कुठे आता."

"शोधते, मामा," ती म्हणाली.

शोधण्यासारखं काही नव्हतं; तो कागद आता जयाच्या वहीत होता. अंबूताईंचे जुने ब्लाउज तेराव्यालाच वाटून टाकलेले. दुपारी तिने दुकानातून कोरा खाकी कागद आणला, स्वतःचा ब्लाउज त्यावर पसरला आणि अंदाजाने चहूबाजूंनी आत घेत कापला. चुरगळला. चहाच्या पाण्याचा हात देऊन उन्हात वाळवला. कोपरे उडवले. डावी बाही जराशी वाकडी काढली, नवा दोरा ओवला. जुन्या कागदाचा रंग तिला नेमका साधला. आणि तो साधताना, आधी पिवळसर, मग कडेला गडद, तिला मजा आली.

हे तिने पुढेही कुणाला सांगितलं नाही.

मामांनी कागद हातात घेतला, चाचपला. "ताठ झालाय," एवढंच म्हणाले, आणि कापड पसरलं.


उजवी बाही

नवमीची सवाष्ण दरवर्षी शेजारच्या मालतीबाई. अंगाने भरलेल्या, बोलायला मोकळ्या. जेवण झालं, ओटी भरली, की त्या ब्लाउजच्या बाहीत हात घालून दाखवायच्या. हात मनगटापुढे जायचा नाही. "अंबूताई, एवढीशी गं तू," त्या म्हणायच्या, सगळे हसायचे, आणि घटकाभर अंबूताई घरात असायच्या. मग मालतीबाई ब्लाउज नेऊन नातीला देत.

ह्या वर्षी मालतीबाईंनी हात घातला आणि तो कोपरावरून थेट दंडापर्यंत गेला.

"अय्यो," त्या म्हणाल्या. "निवृत्तण्णा, यंदा माझ्याच मापाचा शिवलात की काय?"

"तुम्ही बारीक झाला असाल," वेंकटरमण म्हणाला.

"मी? कालच वजन केलं मी. काट्याने हाय खाल्ली." त्या एकट्याच हसल्या. मग त्यांचं लक्ष मामांकडे गेलं आणि त्यांनी हात हळूच बाहेर काढला.

मामांनी ब्लाउज मागून घेतला. मांडीवर ठेवून ते शिवणीवरून बोटं फिरवत राहिले. डाव्या बाहीवर थांबले. पुन्हा उजवीवर गेले.

"कापड जास्त घेतलं गेलं," ते म्हणाले. "हात विसरले वाटतं."

"इरली बिडा, अण्णा," मालतीबाई म्हणाल्या. "असू द्या हो. वय झालं."

कृष्णवेणी पानांचे द्रोण गोळा करत होती. ती तेच करत राहिली.

त्यानंतर मामांचा रेडिओ लागेना. दसऱ्याच्या मिरवणुकीचे हत्ती सरावाला मोठ्या रस्त्याने जायला लागले, गल्लीतली माणसं बघायला धावली, आणि दरवर्षी उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसणारे मामा आतच राहिले. एका संध्याकाळी ते मुलाला म्हणाले, "वेंकट, मशीन देऊन टाक कुणाला तरी. ज्याला बायकोचं माप आठवत नाही, तो कसला शिंपी."

वेंकटरमणने बायकोकडे पाहिलं. तिने तोंड फिरवलं. भाताला शिट्टी झाली होती, हे निमित्त.


डावी बाही

भात उतरवून ती बाहेर आली. मामा मशीनवरची चादर घट्ट खोचत होते, पुन्हा निघायची नाही अशी.

"मामा, तुमचे हात नाही विसरले," ती म्हणाली. "तो कागद अत्तेंचा नव्हता. मी केला होता. त्यांचा मी कापला. वहीसाठी."

मामा चादर खोचायचे थांबले. ती उभी राहिली.

"म्हणजे अंबूच्या नावाने आपण कुणाचा ब्लाउज दिला?"

"माझ्या मापाचा. थोडा आत घेऊन."

"जिवंत बाईच्या मापाचा. नवमीला." त्यांचा आवाज चढला नाही, खाली गेला. "कागदाचं जाऊ दे. ती जेवायला आली असेल, वेणी, आणि तिच्या ताटावर दुसरंच कुणी बसलेलं."

कृष्णवेणीला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनीच तिला वाट करून दिली. "कोपरा कापलेला होता," ते म्हणाले. "मीच कापला. रीत ती रीत, घरची बाई म्हणून मोडली नाही. कापलेला कागद कुणीही घ्यावा. तुला काय माहीत मी तो दरवर्षी काढतो ते. चूक माझीच."

दार उघडं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं.

"बाह्या दोन होत्या, मामा," ती म्हणाली. "मला कळलं होतं. क्षणभर कळलं होतं."

मामांनी मान वर केली. नजर तिच्यापर्यंत पोचत नव्हती, तरी तिने डोळे खाली घातले.

"मग विचारायचं होतंस," ते म्हणाले. एवढंच.

रात्री जया आली तेव्हा वही मागितली गेली. तिने पर्स छातीशी धरली. "अम्मा, मी लिहिलंय त्यात. पर्सनल आहे." मग कारण कळलं तेव्हा तिने वही काढून टेबलावर ठेवली. "अज्जीचं आहे, तर घे ना. अज्जा, वाचायचं नाही हं मात्र."

"मला वहीच दिसत नाही, वाचतोय कुठला," मामा म्हणाले. आठवड्यातला हा पहिला विनोद, आणि तोही जयासाठी.

कृष्णवेणीने ब्लेडने टाके उसवले. आपल्याच हाताचे, मेण लावलेले, एकसारखे टाके. एकेक सुटताना बोटांत दुखत होतं, आणि त्याचीही तिला लाज वाटली. पानं टेबलावर मांडली. पाठीचे दोन तुकडे जुळले, त्यांवर मोगरा आणि जयाचं बारीक इंग्रजी. पुढचा भाग जुळला. उजवी बाही मिळाली, तिच्यावर तांब्या. मामा चाचपत तुकडे एकमेकांना भिडवत होते, मागून चिकटपट्टी लावत होते.

"डावी?"

तिने घडीतून निघालेल्या पट्ट्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या. मेणाने चिकट, सुईने भोकं पडलेल्या. त्यांनी दोन जोडून पाहिल्या. त्यांचं काही होईना.

"कोरा कागद दे," ते म्हणाले. "खडू दे."

त्यांनी उजवी बाही खाली ठेवून डावीची वरची गोलाई काढली. दंडाला आत घेतली. कोपराच्या अलीकडे हात थांबला. खडू कागदावर टेकलेला, पुढे जाईना.

"इथून किती?" त्यांनी विचारलं. स्वतःला की तिला, कळलं नाही. मग म्हणाले, "तू तिच्याबरोबर स्वयंपाकघरात असायचीस. बाही कुठवर यायची तिची?"

कृष्णवेणीने डोळे मिटले. अंबूताई इडलीचं वाटताहेत. डावा हात वाकडा, पाट्याच्या कडेवर टेकलेला. बाही ओली होऊ नये म्हणून त्या ती दातांनी वर ओढायच्या. खाली गोंदण होतं. तुळस. बाही त्या तुळशीला शिवायची का? की बोटभर वर राहायची?

"तुळशीच्या वर," ती म्हणाली. "बोटभर."

"नक्की?"

ह्या वेळी तिने घाई केली नाही. पुन्हा पाहिलं. "नक्की नाही, मामा. वाटतं तसं."

"सरी, चालेल," ते म्हणाले, आणि खडू चालायला लागला. हळू, पण चालला. गोलाई आत वळली आणि खाली उतरून मिटली.

कृष्णवेणी दिवा धरून शेजारी उभी होती. कोऱ्या खाकीवर खडूची ती वाकडी, पांढरी रेघ. ह्या कागदाला आता रंगाचा हात लावायचा नाही, कधीच नाही, हे तिने मनाशी ठरवलं होतं. आणि तरीही, नको नको म्हणताना, तिला दिसलं, की आतल्या वळणाला थोडा निळा हवा होता.

तिने दिवा दुसऱ्या हातात घेतला आणि मान वळवली.