भिंगरीच्या डोक्याचं माप

मित्रांनो, मी एक जुना पितळी चिमटा आहे. चुलीजवळचा नव्हे हं! माणसांची डोकी मोजण्यासाठी मला घडवलं होतं. दोन बाकदार पाय, मध्ये आकडे कोरलेली पट्टी आणि राहायला मखमली पेटी. साहजिकच माझा ताठा काही विचारू नका.

माझे धनी प्राध्यापक होते. ते वस्त्यावस्त्यांत डोकी मोजत आणि कुठले लोक हुशार, कुठले मठ्ठ ते वहीत लिहीत. सगळे ते खरं मानत. मीही मानत होतो.

एकदा आम्ही कुंभारांच्या वस्तीत गेलो. तिथल्या मुलांना शाळेत घ्यायचं की नाही, हे आमच्या मापावर ठरणार होतं. सर्वांत पुढे भिंगरी उभी होती. सात वर्षांची, एका जागी म्हणून न ठरणारी. शाळेच्या आशेने तिने केस चापूनचोपून बसवले होते. मी तिच्या कानशिलांना टेकणार, इतक्यात तिची काकू चाकावरून उठली.

"थांबा साहेब. आमच्याकडे माप घेणाऱ्याने आधी आपलं माप द्यायचं असतं."

ती तिथली जुनी रीत होती. पाहुण्याच्या पंजाच्या मापाचा पेला घडवताना कुंभार आधी आपला पंजा पुढे करी. प्राध्यापक हसून खाली बसले. काकूने मातीच्या हातांनी मला त्यांच्या टकलाला लावलं, मग स्वतःच्या डोक्याला.

"अगं बाई, माझंच दोन सूत मोठं भरलं की! मग उद्यापासून तुमच्या खुर्चीत मी बसू?"

सारी वस्ती खो खो हसली. प्राध्यापकांचे कान लाल झाले.

"साहेब, मडक्यात काय आहे ते बाहेरून मोजून कळतं का?" काकू म्हणाली. "पोरीला शाळेत बसवा, मग बघा."

माझं तर पितळच उघडं पडलं. प्राध्यापक उठून उभे राहिले. मग त्यांनी वहीतली मापांची पानं फाडली आणि शाळेला चिठ्ठी लिहिली: 'शिकणं हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे. त्याला माप लागत नाही.' ती चिठ्ठी भिंगरीनेच पळत पळत शाळेत पोचवली.

मला त्यांनी काकूकडे ठेवलं. मी मडक्यांची तोंडं आणि झाकणं मोजू लागलो. झाकण चपखल बसलं की काकू मला शाबासकी देई. मखमलीत लोळताना असा आनंद मला कधीच झाला नव्हता!

भिंगरी आता त्याच शाळेत बाई आहे. नवी मुलं आली की ती मला घेऊन जाते. मुलं आधी बाईंचं डोकं मोजतात आणि खिदळत वर्गात शिरतात.

मित्रांनो, अलीकडे माझा सांधा करकरतो. तेलाचा एखादा थेंब घालत जा. आणि कधी कुणाचं डोकं मोजायची हौस आलीच, तर आधी आपलं पुढे करा.