फडातली हाक

माधुरीने गिटारसाठी चार रचनांचा एक संच लिहायला घेतला होता, 'हंगाम' नावाचा. त्यातली तिसरी रचना, 'घुंगरू', लोकांनी अक्षरशः डोक्यावर घेतली. पुण्यात ती पुन्हा वाजवावी लागली. नाशकात तर पोरं ठेक्यावर टाळ्या धरून बसली. तिचे कार्यक्रम ठरवणाऱ्या संदीपसरांनी मार्चमधलं रेकॉर्डिंगसुद्धा ठरवून टाकलं. त्याआधी फेब्रुवारीत नगरला कार्यक्रम होता. नगरात ती पंधरा वर्षं गिटार शिकवत होती, त्यामुळे हा घरचाच कार्यक्रम.

अडलं होतं ते चौथ्या रचनेपाशी. काही केल्या सुचेना.

'घुंगरू'ची चाल तिची स्वतःची नव्हती. ती सहा वर्षांची असताना आई आजारी पडली, तेव्हा चांगुणाबाई, म्हणजे तिची आत्या, तिला तिसगावहून ऊसतोडीला आपल्याबरोबर कोल्हारला घेऊन गेली होती. त्या हंगामातलं माधुरीला एवढंच आठवत होतं: थंडी, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, आणि आत्या उसाच्या फडात म्हणायची ते गाणं. शब्द विसरले होते, चाल राहिली होती.

चौथ्या रचनेसाठी काहीतरी हाती लागेल म्हणून एका रविवारी ती गिटार घेऊन कोल्हारला गेली. आत्या आता तिथेच स्थायिक होती. मुलगा सोपान कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. चहा झाल्यावर माधुरीने मोठ्या उत्साहाने 'घुंगरू' वाजवून दाखवलं.

आत्या गुडघे चोळत ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, "चाल माजीच हाय. पन लई पळतीया."

"म्हणजे?"

"अगं, ते काय नाचायचं गानं न्हवतं."

माधुरीने गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"पहाटं अंधारातच तोड सुरू व्हायची," आत्या सांगू लागली. "तुला आन सोपानला गाडीखाली उसाच्या वाढ्यांच्या पाल्यावर निजवून मी फडात शिरायची. धुकं असं का हाताला हात दिसंना. एक दिस तू उठलीस आन माज्या मागं उसात शिरलीस. तासभर घावली न्हाईस. ऊस डोक्याच्या वर, आन चारी बाजूंनी कोयते चाललेले."

"मला काहीच आठवत नाही."

"कसं आठवंल? मला आठवतंय. त्या दिसापून मी गायला लागले. तुला सांगून ठिवलं, गानं ऐकू येतंय तवर आत्या हाय, जागचं हालायचं न्हाई. सरी लांब गेली का आवाज चढवायचा. दुपारपातुर गळा बसून जायचा."

"आणि आम्ही रडलो तर?"

"म्हनून तर गान्याची वळ संपली का मी थांबायची. दम घ्यायची आन कान द्यायची. रडनं आलं तर माघारी पळायचं, न्हाई आलं तर फुडली वळ."

प्रत्येक ओळीनंतरची ती थांबण्याची जागा माधुरीने घुंगरांसारख्या ठेक्याने भरून टाकली होती. पुण्यात लोकांनी टाळ्या दिल्या त्या नेमक्या त्याच जागांना.

"एकदा म्हणून दाखव ना, आत्या."

"आता कुठला आवाज, माधे," म्हणत म्हणत आत्याने तीन ओळी म्हटल्या. संथ, खरखरीत. आणि दर ओळीनंतर तिची मान आपोआप दाराकडे वळत होती.

घरी आल्यावर माधुरीने चौथ्या रचनेचे कागद बाजूला सारले आणि तिसरीच नव्याने लिहायला घेतली. लय निम्म्यावर आणली. गिटारची तार घोडीजवळ, म्हणजे ती खाली जिथे बांधलेली असते तिथे, छेडली की आवाज पातळ येतो, लांबून आल्यासारखा. मधल्या भोकावर छेडली की भरदार आणि जवळचा. हात असा पुढे-मागे नेत तिने आत्याचं लांब जाणं आणि परत येणं बसवलं. थांबण्याच्या जागा रिकाम्या ठेवल्या. दहा दिवस गेले. नाव दिलं 'चांगुणाबाईंची हाक'.

संदीपसर फोनवर चिडले. "लोक 'घुंगरू' ऐकायला येतात, माधुरी. चाललेली गोष्ट मोडतेस कशाला?"

"मी ती चुकीची ऐकली होती, सर."

"मग रेकॉर्डिंगचं नंतर बघू," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

नगरच्या कार्यक्रमाला सोपान आत्याला घेऊन आला. दुसऱ्या रांगेत ती नव्या पातळात ताठ बसली होती. शेवटची रचना, 'चांगुणाबाईंची हाक', वाजली. पहिल्या शांततेत कोणीतरी खोकलं, दुसरीत दोघांनी संपलं समजून टाळ्या वाजवल्या आणि ओशाळून थांबले. तिसऱ्या शांततेत मात्र सगळा हॉल कान देऊन बसला होता. शेवटी टाळ्या पडल्या, पण बेताच्याच. बाहेर एकाने विचारलंच, "मॅडम, घुंगरू राहिलं की!"

आत्या जवळ आली. माधुरीने विचारलं, "बरोबर झालं?"

"दुसऱ्या वळीला घाई केलीस." मग म्हणाली, "पन व्हायची तशी घाई. मुकादम वरडायचा ना."

माधुरी खळखळून हसली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

पुढच्या आठवड्यात दुरुस्तीसाठी कारखाना दोन दिवस बंद राहिला. तोड थांबली. सोपानच्या सांगण्यावरून माधुरी त्याच्या आणि आत्याबरोबर कोल्हारजवळच्या ऊसतोड टोळीच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर, गेली. बायका धुणी वाळत घालत होत्या. एका बाजेवर बसून तिने वाजवलं. आत्याने कशाचं गाणं ते सांगितलं. त्यावर बायका एकमेकींकडे बघून, आपलंच असल्यासारख्या, माना डोलावू लागल्या.

भारती नावाची पाथर्डीकडची एक तरणी बाई कडेवर पोर घेऊन पुढे झाली. "आमी लेकरापाशी मोबाईल लावून ठिवतो, ताई. गानी लावतो. ह्यात हे भरून देता का? आजींना म्हनायला लावा."

"माजं कशाला?" आत्या म्हणाली. "पोरगं मला वळखतंय व्हय? तू म्हन."

"मला न्हाई येत."

"निजवताना काय म्हनतीस?"

भारती लाजली. मग पोराकडे बघत हळूच एक अंगाई म्हणू लागली. चाल वेगळीच होती, सूरही गिटारशी जुळत नव्हता. माधुरीने घाईघाईने खुंट्या पिळल्या, तारा भारतीच्या आवाजाला लावून घेतल्या आणि म्हणाली, "सोपान, आता हिच्या मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू कर."