दोन भाग काळा, एक भाग तपकिरी

रंगाच्या दुकानात छटा जुळवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. भिंतीचा पोपडा आणून द्या, उजेडात धरून तोच रंग कालवून देत. घरी मात्र सगळी कलाकुसर कडी लावून चाले. बारा वर्षं ते न्हाणीघरात केस रंगवत होते : दोन भाग काळा, एक भाग तपकिरी. पुडीचा डबा गिझरच्या मागे. बायकोला पत्ता नाही, याची त्यांना खात्री.

पत्ता लागून चालणारही नव्हतं. मेहुणा तिशीतच पिकला होता आणि हे त्याला दर भेटीत ऐकवत, "आमच्या घराण्यात केस गळतात, पिकत नाहीत!"

गळण्याचं तरी काही करावं म्हणून मागचे केस पुढे लावून घ्यायचं ठरलं. दवाखान्यात मागे मशीन फिरलं आणि खाली निघाले पांढरेशुभ्र खुंट.

"काका, बोलला नाहीत!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पांढरा खुंट भिंगाखाली नीट दिसत नाही, काढू कसा? आज रंगवून घ्या, उद्या दहाला या. एकसारखा रंग हवा, कुणाकडून तरी लावून घ्या."

"आणि पुढे उगवतील ते?"

"पांढरेच. आणि मी सांगेपर्यंत त्यांना रंग लावायचा नाही."

घरात 'कुणीतरी' एकच होतं. ते टोपी घालून घरात शिरले आणि टोपीसकट जेवायला बसले.

"टोपीलाही वाढू का?" बायको म्हणाली.

"तुला एक सांगायचंय."

"केस पांढरे आहेत, हेच ना? हात धुवा आणि खिडकीपाशी पाठ करून बसा." आणि ती सरळ गिझरमागचा डबा घेऊन आली.

"तुला... कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. कानामागे राहतं तुमचं. बारा वर्षांत हा डबा कधी रिकामा झाला?"

"मला वाटलं, बेतानं वापरतो मी."

"मी भरते. प्रमाण तुम्हीच तळाला लिहून ठेवलंयत. दोघांना पुरायला नको?"

ते गर्रकन वळले. खिडकीच्या उजेडात बायकोचे केस. दोन भाग काळा, एक भाग तपकिरी! मोतिया आणि हस्तिदंती दहा पावलांवरून ओळखणारा हा माणूस बारा वर्षं स्वतःच्याच कालवणाशेजारी झोपत होता.

"हलू नका, मानेवर ओघळतंय."

"तुझ्या भावाला सांगू नकोस."

"माझंही तुम्ही सांगू नका. 'ताई, तुझं बरंय' म्हणतो बिचारा."

सहा महिन्यांनी मेहुणा आला. यांच्या कपाळावर पांढरं पीक तरारलं होतं, मागे काळंभोर. मेहुणा दारातच थबकला. इतक्या वर्षांचं उट्टं त्याच्या चेहऱ्यावर फुलत गेलं.

"भाऊजी! घराण्यात पिकत नाहीत ना?"

बायको चहा गाळत शांतपणे म्हणाली, "अरे, मागचे काळे ते त्यांचे स्वतःचे. पुढचे लावलेले आहेत."

"मग काळेच नाही का लावायचे?"

आता प्रश्न धंद्यातला होता. यांनी घसा खाकरला.

"ती छटा शिल्लक नव्हती," ते म्हणाले.