दोन हाका

"मी तुला दोन हाका मारल्या," एइनो म्हणाला.

राइली त्याच्या डाव्या कानावरची पट्टी सोडवत होती. कानाचा वरचा काठ हिमदंशाने काळा पडला होता. तेवढा भाग जाणार हे डॉक्टरांनी दवाखान्यातच सांगितलं होतं.

"कधी?"

"कधी म्हणजे? पडलो त्या दिवशी. पुलाखाली. तुझी पिवळी टोपी लांबूनच ओळखली मी. पहिली हाक तू समोर आलीस तेव्हा, दुसरी पुढे गेल्यावर."

"वारा असेल," राइली म्हणाली.

"उणे सत्तावीस होतं. एवढ्या थंडीत वारा कुठला?"

ते खरंच होतं. त्या सकाळी औलू शहरातल्या धुराड्यांचा धूर सरळ वर जात होता. एइनो पायाने ढकलायची घसरगाडी घेऊन कॉफी आणायला निघाला होता. सायकलवाटेच्या कडेला गाडी कलंडली, टोपी उडाली, आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाला बर्फातून उठता येईना. वीस मिनिटांनी कामावर निघालेल्या एका बसचालकाने त्याला पाहिलं. राइलीला एवढं कार्यालयातून कळलं होतं. त्या वीस मिनिटांत ती स्वतःही तिथून गेली होती, हे एइनोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

सोळा वर्षं राइली सायकलवरून म्हाताऱ्यांच्या घरोघर जात होती. गोळ्या द्यायच्या, पाय धुवायचे, पेज शिजवायची. हिवाळ्यात दोन लोकरी टोप्या एकावर एक, वरून कानांवर घट्ट आवळलेला रुमाल. मोटार चालवायला ती कधी शिकलीच नाही. दोन वर्षांपूर्वी तिला कानांची मशीनं लागली, तीही तिने केसांखाली लपवली. कमी ऐकू येणाऱ्या बाईला कोण एकटीला फेरीवर पाठवणार? वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात चादरी घड्या करायला बसवतील, अशी तिला धास्ती होती. पण टोपी घातली की मशीन शिट्टी मारायचं, अगदी चुलीवरच्या किटलीसारखं. म्हणून सायकलवर बसण्याआधी ती दोन्ही मशीनं काढून खिशात टाकायची आणि दाराशी पोचल्यावर पुन्हा घालायची. मधल्या रस्त्यात जग मुकं असायचं. खरं सांगायचं तर ते तिला आवडतही होतं.

तिने नवी पट्टी बांधली. मग केस मागे सारले, उजव्या कानातलं मशीन काढलं आणि पेजेच्या वाडग्याशेजारी टेबलावर ठेवलं.

एइनोने वाकून ते निरखलं.

"मला हाक ऐकूच आली नाही," राइली म्हणाली. "टोपीखाली हे शिट्ट्या मारतं, म्हणून सायकलवर मी काढून ठेवते. तुमच्या इतक्या जवळून गेले मी, एइनो, नजर चाकापुढच्या बर्फावर, आणि काही म्हणजे काही कळलं नाही."

"म्हणजे तू ऐकून निघून गेली नाहीस?"

"देवाशपथ नाही."

एइनोने खिडकीकडे तोंड फिरवलं. "दवाखान्यात चार दिवस मी हाच विचार करत होतो. म्हटलं, पेजेवरून हिला राग आला असणार. मीठ नाही, गुठळ्या आहेत, रोज काहीतरी बोलतो ना मी. म्हटलं, माणूस किती ऐकून घेईल?"

राइलीने उगाच वाडगा उचलला आणि परत ठेवला.

"गुठळ्या असतातच," ती म्हणाली.

"असतातच! पण म्हणून कुणी बर्फात टाकून जातं का?" तो हसला आणि कान दुखल्याने लगेच विव्हळला. "माझे कान कागदाच्या कारखान्यातल्या खडखडाटाने खाल्ले. तुझे कुणी खाल्ले गं?"

"कुणी नाही. आपोआप गेले."

"आणि टोपी घट्ट आवळतेस? वेडी कुठली! लोकर मशीनला चिकटली की ते बोंबलणारच. तीस वर्षं मी मशीन घालून कारखान्यात सायकलने गेलोय. कपाटातून ते जाड नमद्याचं, दाबलेल्या लोकरीचं कापड काढ. कात्री पण आण."

त्याची दोन बोटं पट्टीत होती, म्हणून तो नुसता सांगत राहिला आणि ती करत गेली. नमद्याची बोटभर जाड कडी कापायची आणि टोपीला आतून, बरोबर कानाभोवती शिवायची. लोकर कडीवर टेकते, मशीनवर नाही. कान आत मोकळा बसतो आणि कोंडलेल्या हवेने ऊबही टिकते. बाहेरून पातळ, वारा अडवणारं कापड. रुमाल हनुवटीखाली बांधायचा, कानांवरून नाही.

"आणि मशीनचे जादा सेल बाहेरच्या खिशात ठेवू नकोस. छातीशी ठेव. थंडीने मरतात ते."

"दोन टोप्या नकोत?"

"एकच. डोक्याला एक पुरते. दुसरी लोकांना दाखवायला असते."

पुढच्या घरी तिला चाळीस मिनिटं उशीर झाला.

दुपारी ती कार्यालयात गेली. तिची वरिष्ठ औती तिच्याहून वीस वर्षांनी लहान होती. राइलीने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

"बस आधी," औती म्हणाली. "ऐकू कमी येतं ते माहीत आहे मला. फोनवर काहीही विचारलं की तू 'हो' म्हणतेस. एकदा मी विचारलं, आज रविवार आहे की सोमवार? म्हणालीस, हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट पाहिली. चुकलंच माझं." औतीने वही पुढे ओढली. "डॉक्टरांशी फोनवर औषधं ठरवायचं काम आता तुझ्याकडे नाही. ते लेखी येईल. फेरी तुझीच राहील, निदान पुढच्या कानतपासणीपर्यंत. नंतरचं मी आज सांगू शकत नाही."

"एइनोचंही लिही. मी जवळून गेले आणि थांबले नाही."

"ते लिहायची काही गरज नाही, राइली. तुला ऐकूच आलं नाही, दोष—"

"लिही."

औतीने लिहिलं. राइलीने वाचून सही केली.

ती बाहेर आली तेव्हा उजेड उतरत होता. दोन्ही मशीनं कानात ठेवून तिने टोपी जपून ओढली. शिट्टी वाजली नाही. सायकल चालू लागली तशी चाकाखाली बर्फ करकरायला लागला, इतका मोठ्याने की चाकात काही अडकलं म्हणून तिने दोनदा खाली वाकून पाहिलं.

मागून घंटी वाजली. ती उजवीकडे सरली. एक बाई पुढे जाताजाता मान वळवून, रुमालाआडून काहीतरी बोलली.

राइलीने ब्रेक दाबला आणि एक पाय बर्फात टेकवला.

"काय म्हणालात?" तिने मोठ्याने विचारलं. "मला कमी ऐकू येतं."

बाई थांबली. तिने रुमाल तोंडाखाली ओढला.

"काही नाही हो. म्हटलं, आज उणे अठराच आहे. बरं वाटतंय."

"हो," राइली म्हणाली. "बरं वाटतंय."