निता कोणासंग पयाली?

मी एक जुना फुटबॉल आहे, मित्रांनो, आणि मला तोंड दाखवायची लाज वाटते. तोंड म्हणजे हवा भरायचं ते बारीक भोक. दुसरं तोंड कारखान्यानं मला दिलेलं नाही. कारंज्याच्या आमच्या कॉलेजात मला कोणी फुटबॉल म्हणतच नाही. 'जावई' म्हणतात. "ए, जावयात हवा भर." "जावई नालीत गेला, काढ त्याले." असं! थट्टेची सवय होते म्हणतात. मला नाही झाली. ज्या मुलीवरून हे नाव पडलं, तिची आठवण निघाली की आजही माझी अर्धी हवा जाते.

माझा जन्म तिकडे जालंधरचा. एका बाईनं दोन सुया घेऊन, तुकड्याला तुकडा जोडत मला शिवलं. मग पोत्यात, मग ट्रकात, मग अकोल्याच्या एका दुकानात टांगलेल्या जाळीत. तिथून सादिक सरांनी मला आणलं. सादिक सर आमच्या कॉलेजचे खेळाचे शिक्षक. मुलींची फुटबॉलची टीम त्यांनी नव्यानंच उभी केली होती. मैदान काळ्या मातीचं. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल, आणि दोन्ही दिवसांत ठोकरा मलाच. तरी ते दिवस सुखाचे होते. मी नवा होतो, पांढरा शुभ्र होतो. खेळ संपला की पोरी मला ओढणीनं पुसायच्या. मी उगाच फुगून असायचो.

त्या पोरींमध्ये एक निता. कारंजा तालुक्यातल्या धनज गावची, देवमन आणि रत्नमाला यांची थोरली मुलगी. रोज एसटीनं यायची. टीममध्ये तिची जागा मधोमध. मागून मी आलो की मला थांबवायचं, मान वर करायची, कोण कुठं आहे ते पाहायचं आणि मला पुढे धाडायचं. सगळा खेळ तिच्या पायातून जायचा. पण निताला आणखी एक गोष्ट यायची. मला पायाशी धरून ती अशी पळायची की मी तिला चिकटलोय की काय, असं मलाच वाटायचं.

आता तो दिवस सांगतो. सांगायलाच हवा.

आमच्या मैदानावर पहिला सामना होता, यवतमाळकडच्या एका कॉलेजशी. माइकवर बोलायला कोण? तर पुंजाजी. पुंजाजी म्हणजे शंकरपटाचा माणूस. जिथं बैलजोड्यांची शर्यत, तिथं भोंग्यावर पुंजाजी. फुटबॉल त्यांनी कधी पाहिलेला नव्हता, पण आवाज असा की मेलेला उठून बसावा. सामना सुरू झाला. निताला पुढे रान मोकळं दिसलं आणि ती मला घेऊन सुटली. एक मागे पडली, दुसरी मागे पडली. पुंजाजींच्या अंगात पटच संचारला.

"पयाली रे पयाली! धनजच्या देवमनची निता पयाली! काही आयकत नाई आता, पयाली!"

आमच्या वऱ्हाडात 'ळ'चा 'य' होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पळाली म्हणजे पयाली. आणि बैल पळाला, मुलगी पळाली, या दोन्हींत किती फरक आहे, तेही तुम्हाला ठाऊक आहे. पुंजाजींना त्या घटकेला ठाऊक नव्हतं.

मैदानाच्या भिंतीला लागून बाजार समितीचा रस्ता. तिथं धनजचे दौलतराव सोयाबीनचा ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभे होते. भिंतीमुळे मैदान दिसत नाही, भोंगा मात्र कानात शिरतो. त्यांनी लगेच गावाला फोन लावला. "देवमन, अरे तुही निता पयाली म्हने! भोंग्यावर पुकारून राह्यले!"

देवमननं निताला फोन केला. तिचा फोन सरांच्या खोलीत, दप्तरात. वाजला, वाजला, कोणी उचलला नाही. झालं. बापाची खात्री पटली.

इकडे निताचा गोल झाला होता. पोरींनी तिला उचलून घेतलं होतं. सादिक सर खूश होऊन म्हणाले, "बेटा, आज हा बॉल तू घरी घेऊन जा. घरच्यांना दाखव." म्हणून मी तिच्या पिशवीत बसून संध्याकाळच्या एसटीनं धनजला गेलो. ती सगळा रस्ताभर पिशवीवरून माझ्यावर हात फिरवत होती. घरी गेल्यावर काय काय सांगायचं, याची जुळवाजुळव चालली असावी.

गावात उतरलो तर हापशीपाशी ही गर्दी. मधे देवमन उभा. अंगावरचे कपडे ओलेचिंब, केसांतून पाणी गळतंय, हातात रिकामी बादली. चार माणसांपुढे त्यानं नुकतीच निताच्या नावानं आंघोळ केली होती. 'आजपासून निता आमाले मेली' म्हणून.

आणि निता समोर उभी. जिवंत. खांद्याला पिशवी.

मित्रांनो, मी चामड्याचा नाही, साध्या रेक्झिनचा आहे. तरी त्या क्षणी माझी कातडी जळाली.  मग दौलतरावांच्या बायकोनंच विचारलं, "अवं, मंग तू पयाली कोनासंग?"

निताला काही समजेना. तिनं भोळेपणानं मला बाहेर काढलं. "बॉल घेऊन पयाली मी, काकी. गोल केला."

आधी एक हसला, मग सगळे. "घ्या! जावई आला व देवमनचा! गोलमटोल हाय!" पोट धरधरून हसले. मी तिच्या हातात होतो. तिचे हात गार पडत गेले, ते मला कळत होतं. ती बापाकडे पाहत होती. बाप खाली मान घालून धोतराचा सोगा पिळत होता.

रत्नमाला तेव्हा शेतातल्या निंदणावरून परत येत होती. तिला सगळं कळेपर्यंत गर्दी पांगली. घरात मात्र तिनं फक्त एवढंच म्हटलं, "असले रिवाज आपल्या मान्सायनं कवाचे सोडले. अन् तुमी गावाच्या पुढं?" देवमननं ओले कपडे बदलले. जेवताना निताकडे न पाहता म्हणाला, "खेय. तुले कोन अडवते? पन पयू नको. भोंग्यावर तुह्यं नाव नाई आलं पायजे."

निता "बरं, बाबा" म्हणाली. मुलगी शब्दाची पक्की. तिथून माझी खरी फरफट सुरू झाली.

जावयाचं नाव एसटीत बसून आमच्याआधीच कारंज्याला पोचलं. पोरं फिदीफिदी हसायची. आणि निता? मी तिच्या पायाशी आलो रे आलो की ती मला पुढं ढकलायची. मान वर नाही, पाहणं नाही. निखारा हातावर आला की माणूस जसा झटकतो, तसं. समोर अख्खं मैदान रिकामं असलं तरी पास. मी तिचा पाय ओळखतो. तो पुढं जायला शिवशिवायचा आणि ती त्याला दाबून धरायची. ती मला देत नव्हती, मित्रांनो, टाकत होती.

आणि लोक काय म्हणाले ऐका. "निता किती समजूतदार झाली! स्वतः नाव कमवत नाही, सगळ्यांना खेळवते." एका प्राध्यापकांनी तर वर्गात तिचं उदाहरण दिलं. मला वाटलं, उठावं आणि ओरडावं, अहो, हे समजूतदारपण नाही, ही लाज आहे! पण आमची जात वाचा नसलेली.

पुढच्या फळीत खेळणारी जोया मात्र फसली नाही. सामना हरल्यावर ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "क्या यार निता, समोर कोनीच नव्हतं. तू काहून पयाली नाही?"

"सांघिक खेळ आहे ना? एकटीनंच कायले पयाव?"

"मले शिकवू नको. तुझा पास माझ्या मागं पडते. डोळे मिटून मारते तू."

सादिक सरही रोज सांगून थकले. "बेटा, पास देणं तुझं काम आहे, बरोबर. पण तू पळालीच नाहीस तर समोरची पोरगी तुझ्या अंगावर येणार कशाला? ती आली नाही तर जोया मोकळी होणार कशी? आधी पळ, मग दे." निता मान डोलवायची आणि पुन्हा मला टाकून द्यायची. शेवटी एक दिवस जोयानं तिला मैदानाच्या पायरीवर बसवून सगळं काढून घेतलं. आंघोळीचं, जेवतानाचं, सगळं. ऐकून जोया रडली, आणि तशीच उठून सरांकडे गेली.

रविवारी सादिक सर मोटरसायकलवर धनजला निघाले. मागे जाळीत मी. मला कशाला नेलं, देव जाणे! अंगणात खाटेवर सर बसले आणि मला पायाशी ठेवलं. देवमन माझ्याकडे पाहीना, मी त्याच्याकडे पाहीना. चहा आला. सर हळू आवाजात म्हणाले, "देवमनभाऊ, पोरगी चांगली खेळते. तिला पळू द्या."

"गाव हासते, सर."

"हसू द्या."

"तुमचं जाते काय? तिचं लगन कराचं हाय मले."

तेव्हा चुलीपासून रत्नमाला उठली. हात पदराला पुसत दारात आली. आवाज चढवला नाही तिनं. "पोरगी खेयून घरी आली. तुमी तिले मेली म्हनून आंघोय केली. अन् लाज तिनं बायगावी?"

 निता आतल्या खोलीत होती. देवमननं अर्धा चहा तसाच ठेवून बशी खाली सरकवली. सर उठले, मला उचललं आणि निरोप घेतला. देवमन फाटकापर्यंतही आला नाही. मला वाटलं, संपलं.

पुढच्या आठवड्यात वाशिमच्या कॉलेजची टीम आली. खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि मला एका उसळीत दिसलं, लिंबाच्या सावलीत देवमन उभा आहे. धुतलेला सदरा, हातात टोपी. निताला तो दिसला तेव्हा तर तिनं मला टाकायची आणखी घाई केली. पुंजाजींनाही त्या प्रकारापासून धास्ती बसलेली. सरांनी त्यांना 'धावली' म्हणायला शिकवलं होतं. बिचारे घशात काटा अडकल्यासारखे बोलत. "निता... ते... पुढं सरकली. धावत हाय. थांबली." शंकरपटाचा तो आवाज, पार लग्नाच्या पत्रिकेसारखा झाला होता. आमच्यावर दोन गोल चढले.

मधल्या सुटीत पोरी पाणी पीत बसल्या होत्या. देवमन चालत आला. अकरा-बारा पोरी, सर, कोपऱ्यात पुंजाजी. माघारी वळावं असं त्याच्या मनात आलं असावं, कारण तो एकदा थांबला. मग निताच्या समोर उभा राहिला.

"निता, चुकलं माहं."

ती उठून उभी राहिली. "बाबा, जाऊ द्या ना. सगळ्याइच्या पुढं..."

"सगळ्याइच्या पुढंच केलं होतं ना मी?" त्यानं हातातली टोपी पिळली. "मी विचारलं बी नाई तुले. गाव हासलं, तं मी तुह्यं पयनं बंद केलं. मोकयं दिसलं तं पय, बाई. माह्याकडे पाहू नको."

निता रडली. मुसमुसून नाही, चांगली मोठ्यानं. जोयानं तिला पाण्याची बाटली दिली, तिनं तोंड धुतलं, आणि शिट्टी वाजली.

त्यानंतर मी तिच्या पायाशी आलो तेव्हा तिनं पाय दाबून धरला नाही. तिनं मान वर केली. समोर रान मोकळं होतं. ती सुटली! एक मागे पडली, मग दुसरी. पुंजाजी ओरडले, "निता पया... धाव... अरे, काय म्हनू!" वाशिमच्या दोघी एकदम तिच्या अंगावर आल्या, त्यांच्या मागून गोलकीपरही पुढं धावली. आणि तेव्हा, अगदी शेवटच्या क्षणी, तिनं मला अलगद बाजूला जोयाकडे दिलं. दिलं, हं! जोयासमोर कोणी नव्हतं. गोल.

सामना आम्ही हरलोच. दोनास एक. खोटं कशाला सांगू? पण ती पळाली म्हणून जोया मोकळी झाली, आणि सर रोज काय सांगत होते ते सगळ्यांना दिसलं.

संध्याकाळी सरांनी मला पुन्हा निताच्या पिशवीत दिलं. धनजची एसटी गच्च भरलेली. बापलेक शेजारी बसले. पुढच्या बाकावरून दौलतराव वळले. "काय देवमन, कोठी गेलता?"

 देवमन भोंग्याची गरज पडू नये इतक्या मोठ्या आवाजात म्हणाला, "निता पयाली, दौलतभाऊ. ते पाह्याले गेलतो."

 कंडक्टरचा हात तिकिटावर थांबला. मागून कोणीतरी खुसखुसलं, "कोनासंग?"

देवमननं पिशवीत हात घातला, मला काढलं आणि आपल्या मांडीवर ठेवलं. "ह्याच्यासंग. चौघीले मांगं टाकलं माह्या पोरीनं." तो बोलत होता आणि त्याचा तळहात माझ्या पाठीवर घामानं ओला झाला होता. लाज त्याला वाटतच होती, मित्रांनो. तरी तो बोलला.

आता माझी शिवण उसवली आहे, रंग गेला आहे, नवा फुटबॉल आला आहे. मी सरांच्या खोलीत कपाटावर असतो. कधी आठवण झाली तर मला पुसा, दोन पंप हवा भरा. नाही भरली तरी माझी तक्रार नाही. मागणं दुसरंच आहे. उद्या तुमच्याही घरी भिंतीपलीकडून एखाद्या मुलीबद्दल एखादा शब्द येईल. बादलीला हात घालायच्या आधी तिची वाट पाहा. ती दारात आली की पहिल्यांदा तिला पाणी द्या, जेवायला वाढा. दिवसभर खेळून आलेली असेल, तर तिला फार भूक लागलेली असते.