हिरवा झालेला झगा

मी एक जुने चित्र आहे. पॅरिसमधल्या एका शिवणघरात, जाड कागदावर माझा जन्म झाला. मेजवानीला घालायचा झगा होता माझ्यावर! उघडे खांदे, मुठीत मावेल अशी कंबर आणि खाली घंटेसारखा घेर.

मित्रांनो, मला काढले ते ओदीलने, शिवणघरात झग्यांची चित्रे काढणाऱ्या मुलीने. मालकांनी तिला बजावले होते, "या खेपेला एक तरी चित्र शिवायला घेतलं गेलं पाहिजे. नाहीतर दुसरीकडे काम बघा."

झगा निळा व्हायचा होता. घाईत तिने कुंचला पिवळ्या पाण्यात बुडवला, तसाच निळ्यावर फिरवला आणि मी झाले हिरवेगार!

शिवणघरात हिरवा म्हणजे अपशकुन. मुख्य शिवणकरीण मादाम बर्तोले यांनी मला पाहताच छातीवर क्रूस काढला. "अगं बाई, घर बुडवतेस का आमचं? टाक ते टोपलीत!"

ओदीलचे डोळे भरून आले. मला चुरगाळायला तिने मूठ वळली, तोच दारात हशा पिकला. तो दिवस संत कातरीनच्या सणाचा होता. पंचविशीतल्या बिनलग्नाच्या मुलींना मैत्रिणी त्या दिवशी हिरव्या-पिवळ्या टोप्या घालून मिरवतात. कोबीच्या गड्ड्याएवढी टोपी घालून शिवणघरातली शिवणकरीण सोलांज आत आली.

"मादाम, ही टोपी मला कुणी घातली?"

"मीच. नवरा मिळावा म्हणून."

"म्हणजे डोक्यावर हिरवा शकुनाचा आणि अंगावर अपशकुनाचा? देवानं तर सगळी कुरणं हिरवी केली. बुडालं का त्याचं घर?"

"जिभेला हाड नाही, म्हणून राहिलीस बिनलग्नाची!" मादाम म्हणाल्या, पण त्यांनाही हसू आवरेना. "बरं, पहिला टाका तूच घाल. काही झालं तर तुझ्या टोपीवर!"

झगा शिवला गेला. एक मुलगी तो घालून दालनात गिऱ्हाइकांपुढे फिरली तेव्हा काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! मादामांनी तर सर्वांदेखत ओदीलचे दोन्ही गाल चुंबले. ओदीलचे काम टिकले.

पुढे बरीच वर्षे मी कपाटामागे पडून होते. एका कोपऱ्याला कसर लागली. आता ओदीलच्या नातीने मला काचेत बसवले आहे, आणि मी पुन्हा मजेत आहे.

मित्रांनो, कागदाला ऊन सोसत नाही, ओल सोसत नाही आणि रागाची मूठ तर मुळीच सोसत नाही. रंग चुकला तर चित्र लगेच चुरगाळू नका. आधी ते एखाद्या हसऱ्या माणसाला दाखवा.